एक दशांश सेकंदाचा न्याय

संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे तत्त्व आपल्या मनात इतके रुजलेले आहे की त्याचा वेगळा उच्चार करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. क्रीडांगणावर मात्र असा एक नियम आज अमलात आहे, की ज्यात संशय हाच पुरावा ठरतो आणि शिक्षा एकच, तीही अंतिम. १७ जुलै २०२२ रोजी अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. डेव्हन ॲलन हा अमेरिकन धावपटू आपल्याच विद्यापीठाच्या मैदानावर धावणार होता. एक महिन्यापूर्वी त्याने ही शर्यत १२.८४ सेकंदांत जिंकली होती, आणि इतिहासात तोवर केवळ दोघेच त्याच्यापेक्षा वेगाने धावले होते. पिस्तुलाचा आवाज झाला, धावपटू सुटले आणि लगेच त्यांना परत बोलावण्यात आले. पंचांपुढील यंत्राने ॲलनचा प्रतिक्रियाकाल ०.०९९ सेकंद दाखविला होता. नियमाप्रमाणे तो किमान ०.१०० असावयास हवा. एक सहस्रांश सेकंद कमी पडला, आणि एका माणसाची वर्षानुवर्षांची तयारी मैदानाबाहेर गेली. आदल्या फेरीत त्याचाच प्रतिक्रियाकाल ०.१०१ होता, तेव्हा तो निर्दोष होता!

हा प्रसंग जुना झाला. पण त्याने उभे केलेले दोन प्रश्न जुने झालेले नाहीत. पिस्तुलाचा आवाज आणि धावपटूची पहिली हालचाल यांच्यामध्ये जो क्षण जातो, त्याचे शर्यतीच्या निकालात खरोखर किती मोल आहे, हा पहिला प्रश्न. आणि त्या क्षणावर आपण जो नियम उभारला आहे, तो त्या मोलाशी आणि आपल्या ज्ञानाशी सुसंगत आहे काय, हा दुसरा. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, क्रीडातज्ज्ञ नव्हे. परंतु अल्प साधनांची किंमत कशी ठरते आणि शिक्षेचे भय माणसाचे वर्तन कसे बदलते, हे दोन्ही प्रश्न आमच्याच शास्त्रातले आहेत. तेव्हा या विषयात डोकावण्याचा थोडा अधिकार आपल्याला आहे, असे त्याला वाटते.

शर्यतीचा ताळेबंद

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रतिक्रियाकाल म्हणजे ‘सुरुवात’ नव्हे. आवाज कानावर पडतो, श्रवणतंतूंतून मेंदूकडे जातो, तेथून आज्ञा निघून पायाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते, स्नायू आकुंचन पावतात आणि ब्लॉकवरील दाब एका ठरावीक मर्यादेपलीकडे वाढतो. ब्लॉकमधील यंत्र त्या क्षणाची नोंद करते. ही नोंद होते तेव्हा धावपटूचे पाय ब्लॉकवरच असतात. तो अद्याप एक पाऊलही पुढे गेलेला नसतो. पुढे ब्लॉक सोडणे, पहिली पावले, वेग वाढवीत नेणे हे सारे सुरुवातीचे अंग आहे, आणि त्यात ताकद, तंत्र व वर्षांची मेहनत असते. “अमक्याची सुरुवात चांगली आहे” असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलत असतो. कान तल्लख असण्याविषयी नव्हे.

आता १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे झालेल्या १०० मीटर शर्यतीचा हिशेब मांडून पाहू. जमैकाच्या उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो याच शर्यतीत. त्याचा प्रतिक्रियाकाल ०.१४६ सेकंद होता. दुसरा आलेला टायसन गे ०.१४४, तिसरा असाफा पॉवेल ०.१३४. सर्वांत चपळ प्रतिक्रिया होती त्रिनिदादच्या रिचर्ड थॉम्पसनची, ०.११९ सेकंद, तो पाचवा आला. प्रतिक्रियेच्या क्रमवारीत विश्वविक्रमवीर आठांत सहावा होता. प्रत्येकाच्या वेळेतून त्याचा प्रतिक्रियाकाल वजा करून जी निव्वळ धाव उरते, ती बोल्टची ९.४३४, गेची ९.५६६ आणि पॉवेलची ९.७०६ सेकंद. म्हणजे गेवर बोल्टने जी ०.१३ सेकंदांची आघाडी मिळविली, तीत प्रतिक्रियेचा वाटा शून्याहूनही कमी होता. दुखापतीमुळे मागे पडलेला शेवटचा धावपटू सोडला, तर उरलेल्या सातांमध्ये प्रतिक्रियाकालातील सर्वांत मोठा फरक ०.०४६ सेकंदांचा, आणि निव्वळ धावेतील फरक ०.४४३ सेकंदांचा होता. प्रमाण जवळजवळ एकास दहा.

ही एकाच शर्यतीची लहर म्हणावी, तर इतर दाखलेही आहेत. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये बोल्ट ९.६९ सेकंदांत जिंकला, तेव्हा त्याचा प्रतिक्रियाकाल ०.१६५ होता आणि आठ जणांत तो सातवा होता. १९९६ साली अटलांटात कॅनडाच्या डोनोव्हन बेलीने ९.८४ सेकंदांचा त्या वेळचा विश्वविक्रम केला, तो ०.१७४ सेकंदांच्या मंद प्रतिक्रियेनंतर. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नोआ लाइल्सने सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याची प्रतिक्रिया ०.१७८ सेकंदांची होती. आठही धावपटूंत इतका मंद प्रतिसाद दुसऱ्या एकाचाच होता. तिसऱ्या आलेल्या फ्रेड केर्लीने ०.१०८ सेकंदांत प्रतिसाद दिला होता. सुटण्याआधीच मिळालेली ०.०७० सेकंदांची आघाडी त्याला शंभर मीटर टिकविता आली नाही.

ती आघाडी जाते कोठे, हेही बर्लिनच्या शर्यतीत पाहावयास मिळते. बोल्टला पहिल्या वीस मीटरांना, प्रतिक्रियाकाल धरून, २.८९ सेकंद लागले. पुढच्या चार टप्प्यांना अनुक्रमे १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६ सेकंद. साठ ते ऐंशी मीटरांच्या टप्प्यात त्याचा वेग ताशी सुमारे ४४.७ किलोमीटर होता. शर्यत जिंकली जाते ती वेग किती वाढविता येतो आणि वाढविलेला वेग किती काळ राखता येतो, यावर. ९.५८ सेकंदांत ०.१४६ सेकंद म्हणजे अवघा दीड टक्का. अंतर वाढते तसा हा वाटा आणखी आटतो. त्याच स्पर्धेत बोल्टने २०० मीटर १९.१९ सेकंदांत पार केले, तेथे हा वाटा ०.७ टक्के होता. वेड व्हॅन निकर्कने २०१६ साली रिओत ४०० मीटरचा ४३.०३ सेकंदांचा विक्रम केला, तेथे तो ०.४ टक्के होता.

गुणवत्ता यादीचा दाखला

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की प्रतिक्रियाकालाला काही महत्त्वच नाही. पण हा निष्कर्ष घाईचा ठरेल. नॉर्वेतील संशोधकांनी २००३ ते २००९ या काळातील जागतिक स्पर्धांमधील १०० मीटर शर्यतींची आकडेवारी तपासली, तेव्हा प्रतिक्रियाकाल आणि शर्यतीची वेळ यांच्यात सहसंबंध आढळला. तो दुबळा होता, पण होता. शिवाय प्राथमिक फेरीपेक्षा अंतिम फेरीत धावपटूंचा प्रतिसाद अधिक चपळ होतो, हेही दिसले. याचा अर्थ, प्रतिक्रिया ही केवळ जन्मजात देणगी नसून एकाग्रता आणि निकड यांचाही तीत हात असतो.

सहसंबंध दुबळा दिसण्याचे एक कारण शिक्षक वाचकांना तत्काळ उमगेल. गुणवत्ता यादीतील वीस विद्यार्थी घेऊन त्यांचे अभ्यासाचे तास आणि गुण यांची सांगड घालून पाहिली, तर ती फारशी बसणार नाही. बारा तास अभ्यास करणारा अठराव्या क्रमांकावर आणि नऊ तासांचा तिसऱ्या क्रमांकावर, असेही आढळेल. म्हणून अभ्यासाचा गुणांशी संबंध नाही, असे कोणता शिक्षक म्हणेल? जे अभ्यासच करीत नाहीत ते त्या यादीत पोहोचलेलेच नसतात, एवढाच त्याचा अर्थ. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतील आठ जण ही अशीच गाळून घेतलेली यादी आहे. ज्याचा प्रतिसाद फार मंद, तो तेथवर आलेलाच नसतो. जे आले त्यांच्यातील फरक इतके सूक्ष्म असतात की इतर गुणांपुढे ते झाकले जातात.

आणि तरीही, कधीकधी तोच सूक्ष्म फरक सारे ठरवितो. पॅरिसमध्ये लाइल्सची वेळ ९.७८४ होती आणि जमैकाच्या किशेन थॉम्पसनची ९.७८९. पाच सहस्रांश सेकंद! लाइल्सचा प्रतिक्रियाकाल ०.१७८ ऐवजी ०.१८४ असता आणि बाकी सारे तसेच राहिले असते, तर सुवर्णपदक थॉम्पसनच्या गळ्यात पडले असते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही पाणी आणि हिरा यांचे कोडे शिकवितो. पाण्यावाचून जीवन नाही, पण ते स्वस्त. हिऱ्यावाचून काही अडत नाही, पण तो महाग. उत्तर असे की किंमत ठरते ती एकूण उपयोगितेवरून नव्हे, तर सीमान्त उपयोगितेवरून. धावण्याची ताकद हे पाणी आहे, प्रतिक्रियाकाल हा हिरा. सारे काही समसमान झाल्यावर जो शेवटचा कण उरतो, त्याची किंमत अपार असते.

आपल्याला हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा हिचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील ब्राँझपदक एक शतांश सेकंदाने हुकले. रुमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१, उषाची ५५.४२. त्या शर्यतीत एकदा चुकीची सुरुवात झाल्याने सर्वांना परत बोलावून शर्यत नव्याने सुरू करावी लागली होती, आणि त्यामुळे आपली लय बिघडली, असे उषाने पुढे सांगितले. शेवटच्या रेषेवर छाती पुढे झोकण्यात ती कमी पडली, असेही अनेकांनी म्हटले. तो एक शतांश नेमका कोठे हरवला, ब्लॉकवर, एखाद्या अडथळ्यावर की अंतिम रेषेवर, याची चर्चा आपल्याकडे पुढे वर्षानुवर्षे चालली. पण सीमान्त कणाचे लक्षणच हे की तो कोठूनही भरून काढता आला असता. ५५ सेकंदांतील प्रत्येक शतांशाची किंमत त्या दिवशी सारखीच होती. जो क्षण मोजता येतो, त्याच्यावरच सारा दोष लादण्याचा मोह मात्र आपल्याला आवरत नाही.

शिक्षेचे अर्थशास्त्र

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. एकेकाळी प्रत्येक धावपटूला एक चूक माफ असे. दुसऱ्या चुकीला तो बाद होई. अटलांटाच्या अंतिम फेरीत आदल्या ऑलिंपिकचा विजेता लिनफर्ड ख्रिस्ती असाच दोन चुकांनी बाद झाला. २००३ पासून ही सवलत व्यक्तीची न राहता सबंध रांगेची झाली. पहिली चूक कोणाचीही असो, त्यानंतर जो चुकेल तो बाद. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ०.०५२ सेकंदांच्या नोंदीवरून बाद ठरलेला अमेरिकेचा जॉन ड्रमंड धावमार्गावरच आडवा पडून राहिला, हे अनेकांच्या स्मरणात असेल. १ जानेवारी २०१० पासून ती सामाईक सवलतही गेली. आता पहिलीच चूक शेवटची. पुढच्याच वर्षी, २८ ऑगस्ट २०११ रोजी, दक्षिण कोरियातील देगू येथे खुद्द बोल्ट पिस्तुलापूर्वी सुटला आणि बाद झाला.

या कडक नियमाची बाजू दुबळी नाही, हे मान्य केले पाहिजे. जुन्या पद्धतीत काही चतुर धावपटू मुद्दाम चूक करून प्रतिस्पर्ध्यांची एकाग्रता मोडीत. एकेका शर्यतीला तीन-तीन, चार-चार वेळा सुरुवात करावी लागे. आवाज ऐकून नव्हे, तर अंदाज बांधून सुटण्याचा जुगार खेळण्यास वाव होता, आणि तो जुगार यशस्वी झाल्यास पाच-सहा शतांशांचा फायदा पदरात पडे. १९६० साली झुरिच येथे १०० मीटर प्रथमच अधिकृतपणे १०.० सेकंदांत धावणारा जर्मनीचा आर्मिन हारी याची सुटका इतकी विलक्षण होती की त्याची पहिली धाव चुकीच्या सुरुवातीच्या संशयावरून रद्द झाली. अर्ध्या तासाने पुन्हा धावून त्याने तीच वेळ दिली. संशय हा केवळ मानवी डोळ्यावर अवलंबून असला की काय घडते, याचे ते उदाहरण आहे. यंत्र आले ते या संशयाचे निराकरण करण्यासाठी.

चुकीचे मोल वाढले की माणूस सावध होतो, हा आमच्या शास्त्राचा साधा सिद्धान्त येथेही प्रत्ययास आला. २०१० नंतर धावपटूंचे प्रतिक्रियाकाल किंचित वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. बोल्टने २०१२ साली लंडनमध्ये ९.६३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले ते ०.१६५ सेकंदांची सावध प्रतिक्रिया देऊन. जो जुगार रोखावयाचा होता तो बऱ्याच अंशी रोखला गेला, हे नियमाचे यश आहे. जो पिस्तुलाआधीच सुटतो, त्याच्याविषयी कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारणही नाही. प्रश्न आहे तो जे पिस्तुलानंतर, पण यंत्राच्या मते ‘फार लवकर’ सुटतात त्यांचा.

मोजणाऱ्याची मर्यादा

कोणताही मनुष्य आवाज ऐकून एक दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद देऊ शकत नाही, या गृहीतकावर ही मर्यादा उभी आहे. पण हे गृहीतक निसर्गनियमाइतके पक्के नाही. ब्रिटनमधील पेन व हिब्स या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ०.०८५ सेकंदांहूनही कमी वेळात खरा प्रतिसाद मिळू शकतो, असे दाखविले. आंतरराष्ट्रीय संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि २००९ साली पुढे आलेल्या फिनलंडमधील संशोधनाचा कलही मर्यादा खाली आणावी असाच होता. उलट, मोठ्या स्पर्धांतील नोंदी तपासून मर्यादा वर न्यावी असे म्हणणारे संशोधकही आहेत. बीजिंग ऑलिंपिकच्या आकडेवारीवरून अमेरिकेतील अभ्यासकांनी असे दाखविले की स्त्री आणि पुरुष धावपटूंसाठी दाबाची एकच मर्यादा ठेवल्यास स्त्रियांचा प्रतिसाद आहे त्याहून मंद नोंदला जातो. तज्ज्ञांत असा दुतर्फा मतभेद असताना तिसऱ्या दशांश स्थळावर माणसाला बाद करणे, हे विज्ञान नव्हे. ती विज्ञानाची वेशभूषा आहे.

यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि दाब कोठे ‘सुरू झाला’ हे ठरविण्याची त्यांची रीत सारखी नसते. यूजीनमध्ये एकूणच प्रतिक्रियाकाल आधीच्या जागतिक स्पर्धांपेक्षा कमी नोंदले गेले, याकडे आकडेवारीच्या अभ्यासकांनी तेव्हाच लक्ष वेधले होते. त्याच स्पर्धेत सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेड ०.०९५ सेकंदांच्या नोंदीवरून उपांत्य फेरीत बाद झाली. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये १०.७२ सेकंदांत १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून तिने आपल्या चिमुकल्या देशाला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. तिला पुन्हा संधी मिळाली; प्रत्येकाला ती मिळतेच असे नाही.

आवाज सर्वांना सारखा ऐकू येतो हेही गृहीतकच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मार्गिकेची रुंदी १.२२ मीटर. पहिल्या मार्गिकेच्या कडेला उभ्या असलेल्या पंचाच्या पिस्तुलाचा आवाज आठव्या मार्गिकेत पहिलीपेक्षा सुमारे ०.०२५ सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणजे पॅरिसच्या सुवर्णपदकाचा निकाल लागला त्याच्या पाचपट! यावर उपाय म्हणून प्रत्येक ब्लॉकमागे ध्वनिक्षेपक बसविण्यात आले. तरीही २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या नोंदी तपासणाऱ्या कॅनडातील संशोधकांना असे आढळले की पिस्तुलाजवळच्या पहिल्या मार्गिकेतील धावपटूंचा प्रतिसाद इतरांपेक्षा चपळ होता. कारण आवाज जितका मोठा तितका प्रतिसाद जलद. संधीची समानता कागदावर देणे सोपे, कानापर्यंत पोहोचविणे कठीण!

मोजणाऱ्याच्या मर्यादेचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत वेळाधिकारी म्हणून हाती स्टॉपवॉच घेऊन तो अनेकदा अंतिम रेषेवर उभा राहिला आहे. नव्या माणसाला पहिली सूचना मिळते ती ही, की आवाजाकडे नव्हे, धुराकडे पाहा. कारण शंभर मीटरांवरून आवाज येईपर्यंत ०.२९ सेकंद गेलेले असतात. इतके करूनही एकाच धावपटूची वेळ आम्हा तिघांच्या घड्याळांत तीन प्रकारची येते. धूर पाहून बोट दाबण्यास आपल्याला उशीर होतो. धावपटू रेषेकडे येताना मात्र दिसत असल्याने शेवटी बोट वेळेवर दाबले जाते. परिणामी हातघड्याळाची वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते, आणि ती तुलनेस घ्यावयाची झाल्यास १०० मीटरसाठी तीत ०.२४ सेकंद मिळविण्याचा प्रघात आहे. १९७७ पासून या अंतराच्या विश्वविक्रमांसाठी केवळ विद्युत्‌घड्याळाचीच वेळ मान्य केली जाते, ती याच कारणाने. जे मोजतात त्यांच्या प्रतिक्रियेचा दोष हिशेबात धरण्याचे औदार्य नियमकर्त्यांनी दाखविले. जे धावतात त्यांच्या बाबतीत मात्र तो उदारपणा आटला.

काय करता येईल?

कोणत्याही तपासणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात: निर्दोषाला शिक्षा, किंवा दोषीची सुटका. एक कमी करावयास गेलो की दुसरी वाढते. कोणती चूक अधिक महाग, हे ठरवूनच मर्यादा आखावी लागते. ०.०९९ सेकंदांत सुटलेला धावपटू खरोखर अंदाजाने सुटला असे मानले, तरी ०.१०१ च्या निर्दोष सुटकेपेक्षा त्याचा लाभ दोन सहस्रांशांचा. त्यासाठी संपूर्ण शर्यत हिरावून घेणे म्हणजे पैशाच्या चोरीबद्दल घर जप्त करण्यासारखे आहे. उलट तो निर्दोष असेल, तर त्याचे झालेले नुकसान कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. कारण ती शर्यत पुन्हा होत नाही.

म्हणून ०.१०० ही रेषा निकालाची नव्हे, तर चौकशीची मानावी, असे सुचवावेसे वाटते. पिस्तुलापूर्वी सुटणारा किंवा कोणत्याही संशोधनाच्या कसोटीवर असंभव ठरेल इतक्या लवकर सुटणारा जागच्या जागी बाद व्हावा. परंतु मधल्या पट्ट्यात, समजा ०.०८० ते ०.१०० सेकंदांच्या दरम्यान, नोंद झालेल्यांना धावू द्यावे, त्यांचा निकाल राखून ठेवावा आणि ब्लॉकवरील दाबाचा आलेख तपासून मगच निर्णय द्यावा. तो आलेख धावपटूला आणि जनतेला पाहावयास मिळावा. सर्व यंत्रांना मोजणीची एकच रीत बंधनकारक असावी. यामुळे दूरचित्रवाणीचे वेळापत्रक चार मिनिटांनी लांबेल. पण चार वर्षांची तयारी चार मिनिटांहून स्वस्त समजणे, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो?

आपल्या मैदानांसाठीही यात एक बोध आहे. शाळा-महाविद्यालयांतून टाळी वाजली की सुटण्याचा सराव तासन्‌तास चालतो, आणि जो मुलगा टाळीला प्रथम उठतो त्याला ‘वेगवान’ म्हणून निवडले जाते. पहिल्या वीस मीटरांत मागे असलेली, पण साठ मीटरांनंतर वेग धरणारी मुलगी मात्र निवडीतूनच बाद होते. जगातील सर्वोत्तम धावपटूंच्या नोंदी याच्या नेमके उलट सांगतात. पायांची ताकद, ब्लॉक सोडण्याचे तंत्र, वेग वाढविण्याची आणि टिकविण्याची क्षमता यांवर मेहनत घेतली, तर सेकंदाचे दशांश वाचतात. टाळीच्या सरावाने वाचले तर काही सहस्रांश. ज्यांच्याजवळ वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे आहेत, त्यांनी ते कोठे खर्च करावे हे यावरून उघड आहे. सहस्रांशांची चिंता पुढे अंतिम फेरीत पोहोचल्यावर करता येईल.

प्रतिक्रियाकाल हा धावण्याच्या कलेचा दीड टक्का आहे. त्याला शंभर टक्क्यांचे मोल निवड करणाऱ्याने देऊ नये, तसे नियम करणाऱ्यानेही देऊ नये. आपल्याजवळ सहस्रांश मोजणारी यंत्रे आहेत, याचा अर्थ आपले ज्ञान सहस्रांशापर्यंत अचूक झाले आहे असा होत नाही. ज्या दिवशी पंचाच्या खोलीत एवढा विनय येईल, त्या दिवशी शर्यतीचा निकाल ब्लॉकवर न लागता अंतिम रेषेवर लागेल; आणि तो तेथेच लागावा, यासाठी तर शर्यत असते.